आकडेमोडीची वंशावळ

एम.एस्सी. फिजिक्सचं शेवटचं सत्र सुरू झालं, नेट-गेट-जेस्टचे निकाल यायला लागले, की वर्गात एकच प्रश्न फिरतो: थिअरी की एक्सपेरिमेंट? यावर जो ‘कॉम्प्युटेशनल’ म्हणतो त्याच्याकडे जरा संशयानं पाहिलं जातं. याला गणित झेपत नाही आणि सोल्डरिंगही जमत नाही, म्हणून हा स्क्रीनमागे लपतोय, असा टोमणा हॉस्टेलवर कुणीतरी मारतंच. टोमणा अन्यायाचा आहे, पण तो आजचा नाही. विचार आपण करायचा आणि आकडेमोड दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची, ही भौतिकशास्त्राची जुनी रीत. आज पीएच.डी.च्या जाहिरातीत जी क्षेत्रं छापून येतात, म्हणजे डीएफटी, मॉलिक्युलर डायनॅमिक्स, लॅटिस, न्यूमेरिकल रिलेटिव्हिटी, त्यांची मुळं त्या ‘दुसऱ्या कुणा’च्या टेबलावर सापडतात.

त्यातलं एक टेबल विल्यम हार्ट्री यांचं. त्यांचा मुलगा डग्लस यानं १९२८ साली केंब्रिजमध्ये अणूतल्या इलेक्ट्रॉनांसाठी एक पद्धत मांडली. श्रोडिंगरचं समीकरण हायड्रोजनपुरतं कागदावर सुटतं आणि हीलियमपाशीच अडतं, कारण प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांच्या विद्युतक्षेत्रात वावरतो आणि ते क्षेत्र तरी कुणाचं, तर त्याच इलेक्ट्रॉनांचं. डग्लस हार्ट्रींचा तोडगा असा: आधी क्षेत्राचा अंदाज करा, त्यात इलेक्ट्रॉन कसे पसरतील ते काढा, त्यावरून नवं क्षेत्र काढा, आणि जुनं-नवं जुळेपर्यंत हेच करत राहा. सांगायला दोन ओळी, करायला आठवडे. ही फेऱ्यांमागून फेऱ्यांची आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर करायला बसले ते अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेले वडील. बापलेकांच्या जोडनावानं बरेच लेख निघाले. आकडेमोड करणाऱ्याचं नाव लेखावर यायला बहुधा बापच असावं लागत होतं.

१९३४ साली डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर हा त्यांचा विद्यार्थी यांनी मँचेस्टरला मेकॅनो या खेळण्याच्या भागांतून अवकल समीकरणं सोडवणारं यंत्र जोडलं. खेळण्यातलं असलं तरी ते खऱ्या अणूंची गणितं सोडवत होतं. विद्यार्थी, यंत्र आणि पदवी एकत्र आल्याचं इतकं जुनं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

खरी उलथापालथ लॉस अलामोसला झाली. अणुबॉम्बसाठी आधी माणसांच्या, त्यात बऱ्याचशा शास्त्रज्ञांच्या बायकांच्या, रांगा आकडेमोडीला बसवल्या. मग पंचकार्डांची यंत्रं आली, आणि युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक संगणक. १९४६ साली आजारातून उठत असलेले स्टानिस्लाव उलाम पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव मांडत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्रानं काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलं तर? हाच विचार त्यांनी न्यूट्रॉनना लावला, जॉन फॉन नॉयमन यांनी उचलून धरला, आणि १९४८ साली एनिॲकवर जी पहिली माँटे कार्लो गणितं चालली त्यांची प्रोग्रॅमिंगची बाजू क्लारा फॉन नॉयमन यांनी सांभाळली. इतिहासात पद्धत नवऱ्याच्या नावावर, कोड बायकोच्या हातचं.

१९५३ साली ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’मध्ये आलेल्या लेखावर पाच नावं आहेत: मेट्रोपोलिस, दोन रोझेनब्लुथ, दोन टेलर. कणांना यादृच्छिक धक्के द्यायचे, ऊर्जा घटली तर धक्का मान्य, वाढली तर ठरावीक शक्यतेनं मान्य. एवढ्या साध्या नियमानं त्यांनी २२४ चकत्यांचा सपाट ‘द्रव’ मॅनिॲक या यंत्रावर चालवला. सांख्यिकी भौतिकीतला विद्यार्थी आज पहिला प्रोग्रॅम लिहितो तो याच नियमाचा, आणि त्याला मेट्रोपोलिसचं नाव आहे. २००३ साली, लेखाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, मार्शल रोझेनब्लुथ यांनी सांगून टाकलं की मेट्रोपोलिस यांचा वाटा यंत्रावर वेळ मिळवून देण्यापुरताच होता. यंत्रावर चाललेलं कोड एरियाना रोझेनब्लुथ यांनी लिहिलं होतं. हार्वर्डची भौतिकशास्त्राची पीएच.डी. त्यांनी विशीतच मिळवली होती. पुढे मुलं झाली आणि त्यांनी संशोधन सोडलं. यंत्राचा वेळ ज्याच्या हातात त्याचं नाव पद्धतीला लागलं. हा नियम पूर्ण मोडलाय असं म्हणण्याची माझी तयारी नाही.

त्याच यंत्रावरचा दुसरा प्रयोग अधिक चमत्कारिक. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि उलाम यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची एक साखळी घेतली आणि स्प्रिंगांत किंचित वाकडेपणा, म्हणजे अरैखिकता, मिसळली. अपेक्षा अशी की एका कंपनात घातलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल. पाठ्यपुस्तकातलं उष्णतेचं शास्त्र तेच सांगतं. तसं झालं नाही. ऊर्जा थोडी पसरली आणि मग जवळजवळ सगळी पहिल्या कंपनात परत आली. एकदा गणित नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू राहिलं म्हणून हे लक्षात आलं, असं सांगतात. १९५५ चा अहवाल लिहून झाला तेव्हा फर्मी हयात नव्हते. मुखपृष्ठावर दोन याद्या आहेत. अहवाल लिहिणारे तीन, काम करणारे चार. चौथं नाव मेरी त्सिंगू. प्रोग्रॅम त्यांचा.

पन्नास वर्षं जग या प्रयोगाला फर्मी, पास्ता आणि उलाम यांच्या तीन आद्याक्षरांनी ओळखत होतं. मेरी त्सिंगू यांनी मात्र विषय सोडला नव्हता. १९७२ साली जेम्स टक यांच्याबरोबर त्यांनी त्याच साखळीवर लेख लिहिला आणि दाखवलं की ऊर्जेचं हे परत येणं स्वतःच आणखी लांब आवर्तनानं कमीजास्त होतं. तोवर लग्न झालेलं होतं आणि लेखावर नाव होतं एम. टी. मेंझेल. ही तीच बाई, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लग्नानंतर पदवी प्रमाणपत्रावरचं आणि आधार कार्डावरचं नाव जुळवत बसलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही प्राध्यापिकेला हे समजावून सांगायला नको. २००८ साली तिएरी दोक्स्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानं चौथं आद्याक्षर जोडा असा आग्रह धरला, आणि आता बरेच जण जोडतात.

आकडेमोडीतून निघालेलं सत्य हे सत्य मानायचं का, हा वादही १९५० च्या दशकातला. बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी लिव्हरमोरला कडक गोळ्यांची गणितं चालवली. या गोळ्यांमध्ये आकर्षण अजिबात नाही, फक्त टक्कर. तरी पुरेशा दाटीत ते स्फटिकासारखे रांगेत बसले. आकर्षणाशिवाय स्फटिक? १९५७ च्या एका परिसंवादात जॉर्ज उलेनबेक यांनी यावर चक्क हात वर करून मतं घेतली, आणि ती निम्मी-निम्मी पडली. आज हे पाठ्यपुस्तकात आहे.

या सगळ्यात ज्या माणसापाशी मी थांबेन तो हैदराबादचा. अनीसुर रहमान यांचा जन्म १९२७ चा. ते अमेरिकेत आर्गॉन प्रयोगशाळेत काम करत होते आणि १९६४ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्यांनी आर्गॉन वायूच्या द्रवरूपावर लेख लिहिला. प्रयोगशाळा आणि वायू यांचं मराठीतलं नामसाधर्म्य योगायोगाचं. ८६४ अणू, तापमान ९४.४ केल्विन, घनता द्रव आर्गॉनची, आणि अणूंमध्ये प्रत्यक्षातल्यासारखं आकर्षण-अपकर्षण. सेकंदाच्या दशलक्षांश भागाचा पुन्हा शंभर दशलक्षांश भाग, एवढ्या एका पावलात न्यूटनचे नियम लावायचे आणि पुढच्या पावलाला जायचं. त्यातून अणू किती वेगानं विखुरतात, शेजारी किती अंतरावर असतात, हे निघालं आणि ते खऱ्या द्रवाशी जुळलं. गोळ्या आणि चकत्यांचं जग संपून इथं नाव-गाव असलेला पदार्थ आला.

आणि लेखावर एकच नाव आहे. प्रश्न ज्याचा, आकडेमोडही त्याचीच. हार्ट्रींच्या वडिलांपासून मेरी त्सिंगूंपर्यंत जी दोन माणसं लागत होती ती इथं एक झाली, आणि माझ्या मते आजच्या कॉम्प्युटेशनल पीएच.डी.चा पाया तो आहे. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा संगणकीय भौतिकीचा पुरस्कार रहमान यांच्या नावानं दिला जातो.

रहमान यांचं गणित चाललं ते सीडीसी ३६०० या यंत्रावर. याच जातीचं यंत्र त्याच वर्षी, १९६४ साली, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलं. टीआयएफआरनं त्याआधी आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा संगणक बांधला होता. टिफ्रॅक १९६० साली चालू झाला. व्हॅक्यूम ट्यूबवरचा आणि २०४८ शब्दांच्या स्मृतीचा. अमेरिकी यंत्र आलं तेव्हा देशभरातल्या संस्था त्यावर वेळ मागू लागल्या. म्हणजे यंत्रात आपण आर्गॉन प्रयोगशाळेच्या मागे नव्हतो. फरक पडत होता तो यंत्राच्या तासांत आणि ते मागणाऱ्यांच्या गर्दीत.

पुण्याकडे ही परंपरा वळली ती हवामानामुळे. ल्युइस फ्राय रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता सहा तासांचा हवामान अंदाज हातानं काढला. हवेचा दाब १४५ मिलिबारनं वाढेल, असं उत्तर आलं; दाब जवळपास जागचा हललाच नव्हता. १९५० साली एनिॲकवर चोवीस तासांच्या अंदाजाला साधारण चोवीस तासच लागले, आणि तरी तो विजय होता. १९८० च्या दशकात मान्सूनच्या अंदाजासाठी भारतानं अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला तेव्हा परवानगीचा घोळ बराच रंगला. शेवटी यंत्र आलं ते अटींसकट आणि मागितल्यापेक्षा लहान. स्वतःचा महासंगणक बांधायला १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या चमूनं १९९१ साली परम ८००० दाखवला. आज पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ हे यंत्र चालतं. त्यावर डॉक्टरेट करणारा विद्यार्थी स्वतःला भौतिकशास्त्रज्ञ म्हणवतो की हवामानशास्त्रज्ञ, हे तो कुठल्या विभागात नोकरी शोधतो त्यावर ठरतं.

मूलकणांच्या शाखेचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तिथली वाट फार कडक आहे. केनेथ विल्सन यांनी १९७४ साली अवकाश-काळाची जाळी, म्हणजे लॅटिस, करून क्वार्क त्यावर मांडले, मायकेल क्रूट्झ यांनी दशकाच्या शेवटी माँटे कार्लोनं ते चालवून दाखवलं, आणि प्रोटॉनचं वस्तुमान पुरेशा अचूकतेनं काढायला २००८ उजाडलं. मुंबईत टीआयएफआरमध्ये या शाखेचं जुनं ठाणं आहे. इथं येणाऱ्यानं क्वांटम फील्ड थिअरी आणि मोठ्या यंत्रांचं प्रोग्रॅमिंग दोन्ही सोसायची तयारी ठेवावी. टोमणा मारणाऱ्यांना या शाखेत उत्तर आपोआप मिळतं.

गुरुत्वाकर्षणाची शाखा आपल्याला जवळची. सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० साली संगणकावर कृष्णविवराच्या दिशेनं लहरींचा एक पुंजका सोडला आणि परत काय येतं ते पाहिलं. पुंजका पुरेसा अरुंद केला तेव्हा कृष्णविवर विशिष्ट वारंवारतेनं कंप पावून शांत झालं. समीकरणाकडे टक लावून ते दिसलं नसतं. १९९१ साली पुण्याच्या आयुकामधून संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी, गोंगाटात बुडालेला गुरुत्वीय लहरींचा संकेत शोधायला नमुन्यांची जाळी किती दाट हवी, याचं गणित मांडलं. दोन कृष्णविवरांची टक्कर संगणकावर पूर्ण चालवणं मात्र २००५ पर्यंत कुणाला जमलं नव्हतं. प्रोग्रॅम मध्येच कोसळत. फ्रान्स प्रिटोरियस यांनी ते केलं, दहा वर्षांनी लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेनं खरी टक्कर ऐकली, आणि आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ तिसरी लायगो उभारायला केंद्र सरकारनं मंजुरी दिली आहे. मराठवाड्यातला एम.एस्सी.चा मुलगा हे क्षेत्र निवडताना घराजवळची नोकरीही बघत असेल, तर त्यात गैर काय?

आपल्या विद्यापीठांत सर्वांत जास्त विद्यार्थी जातात ती शाखा डीएफटीची, म्हणजे थेट हार्ट्रींच्या वंशातली. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ मध्ये दाखवलं की इलेक्ट्रॉन एकेक न मोजता त्यांच्या घनतेवरून सगळं काढता येतं; प्रत्यक्ष गणित मात्र हार्ट्रींच्याच फेऱ्यांनी होतं. जुनं-नवं जुळेपर्यंत फिरत राहायचं. विल्यम हार्ट्रींचे आठवडे आता लॅपटॉपवर सेकंदांत मावतात. १९९० च्या दशकात साधे पीसी जोडून लिनक्सवर समूह-संगणक करायची युक्ती नासात निघाली आणि ज्या विभागांना महासंगणक कधी मिळाला नसता त्यांनाही हे क्षेत्र परवडायला लागलं. प्रयोगशाळेतलं एखादं उपकरण घ्यायला लागतात त्या पैशांत अख्खा संशोधक गट उभा राहू लागला. क्षेत्र फोफावण्याचं हे कारण दीक्षान्त भाषणात कुणी सांगत नाही, पण ते खरं आहे.

त्यातून काय होऊ शकतं याचं पुण्यातलं उदाहरण गॅलियमचं. हा धातू ३० अंशांना, म्हणजे एप्रिलमध्ये तळहातावर, वितळतो. पदार्थाचा कण जितका बारीक तितका तो लवकर वितळतो, हे शतकभराचं शहाणपण. २००३ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या मार्टिन जॅरोल्ड यांच्या गटाला प्रयोगात उलटं दिसलं: काही मोजक्या अणूंचे गॅलियमचे पुंजके त्या तापमानाच्या कितीतरी वर घनच राहतात. का, हे प्रयोग सांगत नव्हता. २००४ साली पुणे विद्यापीठातले डी. जी. कान्हेरे, एस. चाको आणि कविता जोशी यांनी ग्रेनोबलच्या एस. ए. ब्लंडेल यांच्याबरोबर १३ आणि १७ अणूंचे पुंजके संगणकात तापवले. मोठ्या तुकड्यात गॅलियमचे बंध अर्धे धातूचे, अर्धे सहसंयुज असतात. पुंजक्यात ते जवळजवळ पूर्ण सहसंयुज होतात आणि म्हणून घट्ट. लेख ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. प्रश्न नेमका होता, आणि तो यंत्र केवढं आहे यावर अवलंबून नव्हता.

आता अडचण वेगळी आहे. व्हिएन्नाचं व्हास्प हे तयार कोड विकत मिळतं, इटलीतून आलेलं क्वांटम एस्प्रेसो फुकट मिळतं, अणूंच्या हालचालींसाठी लॅम्प्स आहे. इनपुट फाइल लिहायची, काम रांगेत लावायचं, सकाळी आलेख काढायचा. एका संयुगाच्या जागी दुसरं टाकलं की दुसरा लेख. रहमान यांनी एकत्र आणलेली दोन माणसं इथं पुन्हा वेगळी होतात. प्रश्न मार्गदर्शकांचा, कोड व्हिएन्नाचं, आणि विद्यार्थी विल्यम हार्ट्रींच्या खुर्चीत, तेही नाव लेखात पहिलं असून. यंत्रशिक्षणानं हे आणखी तीव्र केलं आहे. अणूंमधली बलं आता शिकवलेली न्यूरल जाळी क्षणात सांगते, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना मिळालं, आणि ‘एमएल’ हा शब्द नसलेला पीएच.डी.चा प्रस्ताव मुलं लिहायला घाबरतात. आकडेमोड स्वस्त झाली की आकडेमोड करणाऱ्याची किंमत उतरते, हे या वंशात पूर्वीही झालं आहे.

म्हणून क्षेत्राचं नाव बघून निवड करू नये असं मला वाटतं. डीएफटी चांगलं की लॅटिस, हा प्रश्न तसा निरर्थक आहे. गट बघायला जाल तेव्हा मार्गदर्शकांचं भाषण ऐकून घ्या, महासंगणकाच्या कोअरची संख्या ऐकून घ्या, आणि मग चहाला त्यांच्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाहेर गाठा. कोडमध्ये स्वतःची ओळ शेवटची कधी घातलीस आणि ती का घालावी लागली, एवढंच विचारा. तो वहीच्या मागच्या पानावर समीकरण काढून सांगायला लागला आणि चहा गार झाला, तर अर्ज भरा. ‘तसं काही करावं लागत नाही, सगळं तयार आहे,’ असं तो म्हणाला तर बिल तुम्ही द्या आणि पुढच्या गटाचा पत्ता शोधा.